विसरभोळी सीडी आणि वायफायची किल्ली

लाइव्ह सीडी वापरलेल्या मंडळींना हा अनुभव नक्की असेल. सीडी आत सरकवली, मशीन चालू केलं, दोन-तीन मिनिटं घरघर झाली आणि समोर अख्खं लिनक्स हजर. हार्ड डिस्कला हातसुद्धा लागलेला नाही. माऊस चालतोय, आवाज येतोय, स्क्रीन व्यवस्थित दिसतोय. मग कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून वायफायचा पासवर्ड टाकायचा. उद्या चालू केलं की परत टाकायचा. परवा परत.

"हे आपोआप का नाही होत?" हा प्रश्न लोक वीसेक वर्षं विचारतायत. त्याची उत्तरंही भरपूर आहेत, कुठलीही दहा ओळींची स्क्रिप्ट उचला. पण ती उत्तरं कशी कशी बदलत गेली हे बघायला बसलो आणि लक्षात आलं की हा मामला फक्त स्क्रिप्टचा नाहीये. यात टेलिग्राफचा कायदा आहे, कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांचा हट्ट आहे आणि आपल्या मुंबईत २००८ साली घडलेलं एक गंभीर प्रकरणही आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. लाइव्ह डिस्कचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती विसरते. बंद केली की सगळं पुसलं, उद्या पुन्हा पाटी कोरी. तिला आपोआप वायफायला जोडायचं म्हणजे एक गोष्ट लक्षात ठेवायला लावायची, आणि ती गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी घराची किल्ली. सगळी भानगड इथून सुरू होते.

आधी सीडी

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत इग्द्रासिल नावाच्या छोट्या कंपनीने लिनक्सची एक सीडी काढली, ती थेट सीडीवरून चालवता यायची. लाइव्ह सीडीचा पहिला नमुना म्हणून तिचंच नाव घेतात. गंमत म्हणजे तेव्हाचे पीसी सीडीवरून बूटच व्हायचे नाहीत, त्यामुळे सोबत फ्लॉपी लागायची. सीडीवरून बूट कसं व्हायचं याचं प्रमाण १९९५ मध्ये ठरलं. त्याचं नाव 'एल टोरिटो', आणि ते कॅलिफोर्नियातल्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून घेतलंय. (इंजिनिअर मंडळी जेवताना काय ठरवतील, सांगता येत नाही.)

खरी क्रांती केली ती नॉपिक्सने. क्लाउस नॉपर या जर्मन इंजिनिअरने २००० साली ती लोकांसाठी काढली. त्याला जिथे जाईल तिथे आपली हत्यारं खिशात हवी होती, लॅपटॉप न बाळगता. ७०० एमबीच्या सीडीवर त्याने जवळजवळ दोन जीबीचा माल दाबून बसवला. सीडीवर सगळं संकुचित ठेवायचं आणि लागेल तेवढंच त्या क्षणी उलगडायचं, अशी युक्ती. शिवाय मशीनमध्ये काय काय आहे हे ती स्वतःच ओळखायची. ते बघून भले भले गार पडले होते.

आपल्याकडे या सीड्या यायच्या त्या मासिकांतून. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण डायल-अपवर ७०० एमबी उतरवणं म्हणजे चेष्टाच. ५६ केबीपीएसचा पूर्ण वेग मिळाला असता, फोन एकदाही कट झाला नसता, तरी २९ तास लागले असते. म्हणून मग 'पीसीक्वेस्ट'ने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' सुरू झालं, त्याच्याबरोबरही सीडी. उबुंटूवाले तर फुकट सीडी घरपोच पाठवायचे, ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या लिनक्सची सुरुवात अशी स्टेशनवरच्या बुकस्टॉलपाशी झालीये.

तर सीडी आली. पण त्या वेळी नेट वायरीतून यायचं. डायल-अप असो की केबलवाल्याची निळी वायर. वायर लावली की झालं. किल्लीचा प्रश्न आला तो हवेतून.

मग हवा

वायफायचं पहिलं प्रमाण १९९७ चं, लोकांपर्यंत पोचलं ते १९९९ चं. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेन्ट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आतच असायला लागलं. पण भारतात एक मोठी अडचण होती. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा, या दोघांच्या हिशोबात रेडिओ लहरी सोडणारं कुठलंही यंत्र म्हणजे परवान्याची गोष्ट. घरातला राउटरसुद्धा लहरीच सोडतो.

२००२ मध्ये इमारतीच्या आतल्या, कमी शक्तीच्या वापराला सूट मिळाली. मग जानेवारी २००५ मध्ये नवे नियम आले आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. ट्रान्समीटरची शक्ती एक वॉटपर्यंत, अँटेनाच्या जोरासकट चार वॉटपर्यंत. आज घराघरात जे वायफाय आहे, त्याचा कायदेशीर पाया हा. त्याच वर्षी एमटीएनएलचं ट्रायबँड ब्रॉडबँड मुंबईत आलं. मॉडेम यायचा, फोनच्या लाइनीवर बसायचा आणि हळूहळू त्या मॉडेमलाच अँटेना फुटायला लागली.

म्हणजे बघा, २००५ ते २००८ या तीन वर्षांत मुंबईच्या हवेत एकदम हजारो राउटर बोलायला लागले. मॉडेम बसवायला येणारा माणूस नेट चालू करून दाखवायचा आणि जायचा. वायफायला पासवर्ड लावायचा असतो आणि आलेला पासवर्ड बदलायचा असतो, हे कित्येक घरांत कुणी सांगितलंच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कार्ड

हवा मोकळी झाली तरी लाइव्ह सीडीला वायफाय लागेल याची खात्री नव्हती. कारण कार्ड. वायफायचं कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, कंपनीच्या मालकीचा. बऱ्याच कार्डांना तो दर वेळी चालू करताना बाहेरून भरावा लागतो. आणि तो सीडीवर टाकून वाटायचा तर कंपनीची परवानगी हवी.

इंटेलचं फर्मवेअर तिच्या अटी मान्य केल्या तर मिळायचं. ब्रॉडकॉमने बराच काळ दादच दिली नाही. मग काही लोकांनी विंडोजचा ड्रायव्हर उलगडून, कार्ड कसं वागतं ते तपासून, स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र वापरणाऱ्याने विंडोजच्या ड्रायव्हरमधून स्वतः कापून काढायचं. दुसरा उपाय म्हणजे 'एनडीआयएसरॅपर', तो विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवायचा. आपोआप जोडणं सोडाच, कार्ड जागं करण्यात रविवार जायचा.

बरं, कार्ड जागं झालं तरी त्याचं नाव काय? इंटेलचं कार्ड 'ईटीएच१' म्हणून दिसायचं, अथेरॉसचं 'एटीएच०', रालिंकचं 'आरए०', बाकीची 'डब्ल्यूलॅन०'. त्यामुळे एका लॅपटॉपवर मस्त चाललेली स्क्रिप्ट शेजारच्या लॅपटॉपवर गप्प बसायची. स्वतःच्या एकाच मशीनसाठी डिस्क बनवली तर प्रश्न नाही. पण लाइव्ह डिस्कची मजाच ही की ती कुठल्याही मशीनमध्ये घालता येते, आणि नेमकी तिथेच गोची.

२००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२२ या आवृत्तीत वायरलेसचा नवा, सामाईक पाया आला आणि नावांचा गोंधळ कमी व्हायला लागला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. तोवर आपोआप वायफाय लागलं की पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती.

आणि मग किल्ली

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला वायफायची किल्ली म्हणजे डब्ल्यूईपी. ती लावणं फार सोपं. एका कमांडमध्ये नेटवर्कचं नाव आणि किल्ली द्यायची, दुसरीने आयपी पत्ता मागायचा. दोन ओळी बूट होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घातल्या की काम फत्ते. पण ही किल्ली तकलादू आहे हे फ्लुरर, मॅंटिन आणि शमीर यांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तिघांनी ती एका मिनिटाच्या आत मोडून दाखवली. त्याआधीच, २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं होतं.

नवी किल्ली दोन ओळींत बसेना. राउटरशी सतत बोलत राहणारा एक प्रोग्रॅम लागायचा. तो यौनी मालिनेन या फिनिश प्रोग्रॅमरने लिहिला, डब्ल्यूपीए-सप्लिकंट. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये पण तोच बसलाय. २००४ मध्ये रेड हॅटने नेटवर्कमॅनेजर सुरू केला, तेच ते कोपऱ्यातलं चिन्ह.

मग लाइव्ह डिस्कवाल्यांनी किल्ली ठेवायच्या साधारण तीन जागा शोधल्या.

पहिली, डिस्कच्या पोटात. म्हणजे सगळी सीडी उलगडायची, आत शिरून फाइल बदलायची, परत दाबायची आणि नवी सीडी जाळायची. नॉपिक्ससाठी हे करायला हार्ड डिस्कवर तीनेक जीबी जागा आणि रॅम-स्वॅप मिळून एक जीबी लागायची. २००४ च्या घरगुती पीसीला हे म्हणजे रात्रभराचं काम. काही चुकलं की सीडी कोस्टर म्हणून वापरायची.

दुसरी, डिस्कच्या बाहेर. नॉपिक्समध्ये एक सोय होती, सगळ्या सेटिंग्ज गोळा करून फ्लॉपीवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायच्या. बूट करताना एक शब्द टाइप केला की नॉपिक्स त्या शोधून लागू करायचं. सीडी विसरभोळीच राहायची, आठवण वेगळ्या खिशात. मला विचाराल तर हीच सगळ्यात शहाणी रचना होती. पण दोन गोष्टी बाळगायचा कंटाळा येतो माणसाला.

तिसरी जागा म्हणजे किल्लीच नको. "जे उघडं नेटवर्क सापडेल त्याला जाऊन चिकट" असं सांगायचं. जुन्या कमांडमध्ये नावाच्या जागी 'एनी' असा शब्द दिला की कार्ड स्वतःच कुठल्या तरी उघड्या नेटवर्कला जोडून घ्यायचं. ना पासवर्ड, ना सेटिंग. डिस्क घातली की नेट चालू. ते कुणाचं, कुणाच्या बिलावर, हा प्रश्नच नाही. त्या काळात हे फुकटचं नेट म्हणजे कौतुकाची गोष्ट होती, चोरी वाटायची नाही. २००८ पर्यंत.

सानपाडा, माटुंगा, चेंबूर

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागोमाग बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेली होती. तिचा आयपी पत्ता शोधत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक पोचलं ते नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या घरच्या वायफायला पुरेसं कुलूप नव्हतं आणि मेल पाठवणाऱ्यांनी ते वापरलं होतं. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण त्याआधी चौकशी, मशीन जप्त होणं, सगळ्या देशाच्या बातम्यांत नाव येणं, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं.

पुढची मेल २३ ऑगस्टला. ती माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेली. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळची मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायरलेस जोडणीवरून. तीन मेल, तीन ठिकाणं, आणि तिन्ही ठिकाणच्या माणसांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी मेल पाठवणारा गट पकडल्याचं जाहीर केलं. पकडलेल्यांत पुण्यात नोकरी करणारा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. म्हणजे आपल्यातलाच, आपली भाषा बोलणारा. आयटीत काम करणाऱ्या सगळ्यांना तेव्हा हे फार लागलं होतं.

तांत्रिकदृष्ट्या यात ग्रेट काही नव्हतं. लॅपटॉप घेऊन फिरायचं, उघडं किंवा कच्च्या कुलपाचं नेटवर्क शोधायचं, मेल पाठवायची, निघून जायचं. या प्रकरणातून जे सगळ्यांच्या डोक्यात शिरलं ते असं: आयपी पत्ता जोडणी कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, कीबोर्डवर बोटं कुणाची होती ते सांगत नाही. पोलीस मात्र पहिल्यांदा त्या पत्त्यावरच येणार. दुसरा पत्ताच त्यांच्याकडे नसतो.

मग २००९ उजाडलं. जानेवारीत मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की पोलिसांची पथकं उपकरणं घेऊन शहरात फिरतील, आणि पासवर्ड नसलेलं वायफाय सापडलं तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली मालकाला नोटीस देतील. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याबद्दल सूचना दिल्या. एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेचे नियम आले. ओळखपत्र बघा, नोंदवही ठेवा, नोंदी वर्षभर जपा.

याचा एक परिणाम तुम्ही आजही भोगताय. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचं फुकट वायफाय सुरू झालं, पुढच्या वर्षी राज्य सरकारने मुंबईत सार्वजनिक हॉटस्पॉट लावले. कुलूप नाही, पण आधी मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका, मग नेट. त्यामुळे अशा ठिकाणी लाइव्ह डिस्क जोडली तरी जाते, पण पुढे ते लॉगिनचं पान आडवं येतं. तिसरी जागा, म्हणजे किल्लीशिवाय आपोआप जोडणं, मुंबईपुरती तरी अशी संपली. आणि खरं सांगायचं तर बरं झालं.

वाकोल्यातली अभ्यासिका

हा सगळा इतिहास झाला, पण प्रश्न तसाच आहे. ओळखीतल्या एक बाई वाकोल्यात दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतात. एका ऑफिसने काढून टाकलेले सात लॅपटॉप त्यांना मिळाले. ऑफिसचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क अर्थातच काढून घेतलेल्या. म्हणजे चालवायचे तर लाइव्ह लिनक्सवरच, फक्त सीडीच्या जागी पेन ड्राइव्ह. बाईंची अट एका वाक्याची होती: "अरे, मुलांना पासवर्ड सांगायचा नाही, पण चालू केल्याबरोबर नेट लागलं पाहिजे. आणि हे बघ, कनेक्शन माझ्या नावावर आहे."

शेवटचं वाक्य नीट ऐका. सानपाड्याचा सगळा धडा त्यात आलाय.

आता वाकोला ज्यांना माहीत आहे त्यांना तिथली हवा पण माहीत असेल. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कालिन्याचं विद्यापीठ, मध्ये चाळी, जुन्या सोसायट्या आणि पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून. वायफायची यादी उघडली की स्क्रीनवर मावत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांत न मिसळणारे फक्त तीन. शिवाय निम्म्या राउटरांना कंपनीचंच नाव. एकाच गल्लीत एकाच नावाची दोन-तीन नेटवर्कं, आणि "आपोआप जोड" म्हटल्यावर लॅपटॉप नावावरूनच ओळखतो! २००४ च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 'कर्मा' नावाचं हत्यार करून हेच दाखवलं होतं. लॅपटॉप हाका मारतो "अमुक नेटवर्क आहे का?", आणि हत्यार म्हणतं "हो, मीच तो."

बहुतेक लोक इथे नेटवर्कमॅनेजरची फाइल डिस्कमध्ये टाकतात आणि तिच्या परवानग्या '६००' करतात, म्हणजे फक्त रूटला वाचता येईल. तसं करावंच लागतं, नाहीतर नेटवर्कमॅनेजर ती फाइल स्वीकारत नाही. पण त्यावर विसंबून राहू नका. लाइव्ह लिनक्सवर वापरणाऱ्याला सहसा पासवर्डशिवाय सुडो मिळतो. आणि तो बंद केला तरी पेन ड्राइव्ह घरी नेऊन दुसऱ्या मशीनवर फाइल उघडता येते. पासवर्डऐवजी त्यापासून बनवलेली लांबलचक किल्ली ठेवायची सोय आहे, डब्ल्यूपीए-पासफ्रेज या कमांडने. पण ती किल्लीही त्या नेटवर्कचं दार उघडतेच. फायदा इतकाच, की तोच पासवर्ड बाईंनी दुसरीकडे वापरला असेल तर तो उघड होत नाही. आणि त्या कमांडची एक गंमत लक्षात ठेवा. ती किल्लीच्या वरच्या ओळीत मूळ पासवर्ड टिप्पणी म्हणून छापते. ती ओळ पुसायची असते!

थोडक्यात, लाइव्ह डिस्कमधली किल्ली लपवता येत नाही. ज्याच्या हातात डिस्क, त्याच्या हातात किल्ली. हे एकदा मान्य केलं की उरलेलं सोपं आहे.

राउटरवर वेगळं पाहुण्यांचं नेटवर्क काढलं. त्याचं नाव गल्लीत दुसऱ्या कुणाचं असणार नाही असं. त्याची किल्ली वेगळी, घरच्या नेटवर्कशी संबंध नाही, आणि ते अभ्यासिकेच्या वेळेपुरतंच चालू. डिस्कमध्ये फक्त तीच किल्ली, आणि फक्त त्या एकाच नावाला जोडायची परवानगी. फाइलमध्ये कार्डाचं नाव किंवा पत्ता लिहिला नाही, म्हणजे सातही लॅपटॉपवर तीच डिस्क चालते. सुरक्षेचा प्रकार मात्र स्पष्ट लिहिला, म्हणजे त्याच नावाचं उघडं नेटवर्क कुणी आणून ठेवलं तर लॅपटॉप तिकडे जाणार नाही. दर सत्राला किल्ली बदलायची आणि सात पेन ड्राइव्ह नव्याने लिहायचे, अर्ध्या तासाचं काम. एखादा पेन ड्राइव्ह हरवला तर त्याच दिवशी.

एक बारीक त्रास राहिला. जुन्या लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली असते. तारीख वर्षानुवर्षं मागे, त्यामुळे वायफाय जोडलं जातं पण सुरक्षित साइट उघडत नाहीत, कारण प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत. मुलं म्हणतात, "नेट नाहीये." म्हणून जोडणी झाल्या झाल्या घड्याळ लावून घ्यायची व्यवस्था पण हवी.

आणि हो, बाईंनी एक वही ठेवलीये. कुठला लॅपटॉप, कुणी, किती ते किती. मुलगी-मुलगा स्वतः सही करतात. माझ्या सगळ्या कॉन्फिगरेशनपेक्षा ती दोनशे पानी वही जास्त कामाची आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. फाइल मशीन ओळखते. माणसाची ओळख त्या वहीत आहे.

विसरणं आणि आठवणं

या कथेला दोन टोकं आहेत. एका टोकाला 'टेल्स'. जून २००९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, मुंबईत पोलीस उघडं वायफाय शोधत होते त्याच वर्षी. नावातच 'स्मृतिभ्रंश' असलेलं हे लाइव्ह लिनक्स पत्रकार आणि कार्यकर्ते वापरतात. ते मुद्दाम सगळं विसरतं, २०१४ पासून तर कार्डाचा खरा पत्ताही लपवतं. तरी त्यांनाही वायफायचा पासवर्ड रोज टाकायचा कंटाळा आलाच. मग त्यांनी पेन ड्राइव्हवरच एक कुलूपबंद कप्पा दिला. त्याचा परवलीचा शब्द टाकला तर आठवण परत मिळते, नाहीतर पाटी कोरी. नॉपिक्सच्या फ्लॉपीचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. अभ्यासिकेला मात्र ती चालत नाही, कारण तिथे परवलीचा शब्दच मुलांना सांगायचा नाहीये.

दुसऱ्या टोकाला डेबियन. "मालकीचं फर्मवेअर आमच्या अधिकृत डिस्कवर नको" हे त्यांचं तत्त्व. त्यापायी किती जणांना वायफाय लागलं नाही याची गणतीच नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी आपसांत मतदान केलं आणि ते तत्त्व सैल केलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या डिस्कवर फर्मवेअर आतच आहे. एनडीआयएसरॅपरशी झुंजत घालवलेले रविवार आठवले की हे वाचून बरंही वाटतं आणि थोडं हळहळायलाही होतं.

हवेचा प्रश्न २००५ च्या नियमांनी सुटला. कार्डाचा प्रश्न सुटायला वीसेक वर्षं लागली, पण सुटला. किल्लीचा प्रश्न मात्र प्रोग्रॅमरच्या हातचा नाही, कारण ती किल्ली कुणाच्या तरी नावावर असते. तेव्हा पुढच्या वेळी "आपोआप जोड" या चौकटीत टिक करताना, किंवा कुणाला अशी डिस्क बनवून देताना, एकच विचारा: उद्या कुणी या पत्त्यावर आलं तर दार कोण उघडणार आहे? त्या माणसाला ही डिस्क कुणाकुणाच्या हातात आहे हे माहीत असलं म्हणजे पुरे. मग खुशाल टिक करा.

असो. नॉपिक्सची जुनी सीडी कुणाकडे अजून असेल तर जपून ठेवा, नातवंडांना दाखवायला होईल. भेटू पुढच्या शनिवारी.